पारध्याच्या नावामागे ‘सराईत’ कुठून लागतं?

प्रश्न कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना पोलीस जास्त अडवतात, तुरुंगात तेच जास्त असतात, यावर तिथं आकडे हातात घेऊन वाद होतो. आपल्याकडच्या फौजदारी व्यवस्थेत जन्मावरून असा भेद आहे का, असं त्यानं विचारलंय. पुढे मोकळेपणानं लिहिलंय: “आमच्या गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर जातात. वडील म्हणतात, ते चोऱ्या करतात म्हणून जातात. मग यात चुकीचं काय?”

मी चोवीस वर्षं फौजदारी वकिली करते. पहिली आठ वर्षं तालुक्याच्या कोर्टात गेली, नंतर जिल्ह्याला आले. माझ्या अशिलांमध्ये फासेपारधी, पालपारधी, कैकाडी, वडार खूप आहेत, त्यातही पारधी सर्वांत जास्त. त्यामुळे उत्तर पुस्तकातलं कमी आणि रिमांड कोर्टातलं, म्हणजे अटकेनंतर आरोपीला उभं करून कोठडी मागतात तिथलं, जास्त असेल.

भेद आहे. ‘वंश’ हा शब्द आपल्याकडे लावायचा की नाही यावर वाद आहे आणि भारत सरकारची भूमिका जात म्हणजे वंश नव्हे अशीच राहिली आहे. पण वांशिक भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा जो करार भारतानं १९६८ मध्ये स्वीकारला, त्यात वर्ण आणि वंशासोबत ‘जन्मानं मिळालेलं कूळ’ हाही आधार धरलेला आहे. त्याच करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं २००७ मध्ये भारताला स्पष्ट सांगितलं, की सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा आणि विमुक्त जमातींचं, म्हणजे एकेकाळी कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचं, पुनर्वसन करा. शब्द कोणताही वापरा. पालात जन्मलेल्या पोराकडे पोलीस ठाणं ज्या नजरेनं बघतं ती नजर त्याच्या जन्माआधी तयार झालेली असते, हे मला रोज दिसतं.

ती नजर कायद्यानं तयार केली आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणताना युक्तिवाद असा केला गेला, की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा काही जमातींत गुन्हा हाच बापाकडून मुलाकडे येणारा धंदा आहे. कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्याच्या दारात आला. जमात अधिसूचित झाली की तिच्यातल्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला पास. काही कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवलं. सोलापुरात त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ मध्ये काढला, देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. आमच्याकडचे कार्यकर्ते म्हणतात, देश स्वतंत्र झाला त्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी आम्ही स्वतंत्र झालो. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्यासाठी.

पण कायदा गेला तरी रजिस्टर गेलं नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो कुठल्याही जमातीचं नाव घेत नाही. किमान तीनदा शिक्षा झालेल्या माणसाबद्दल बोलतो. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर याच ‘तीनदा शिक्षा’मध्ये आहे, म्हणून त्याकडे जरा सावकाश जाऊ. या शिक्षा होतात कशा?

रात्री घरफोडी होते. सकाळी पेपरात बातमी, दुपारी आमदाराचा फोन, आठवड्याला एसपी साहेबांची गुन्हे आढावा बैठक. ठाण्यातल्या गुन्हे शोधणाऱ्या ‘डीबी’ पथकातल्या हवालदाराला गुन्हा उघडकीस आणल्याचं दाखवायचं असतं. त्याच्याकडे ठसेतज्ज्ञ नसतो, सीसीटीव्ही बंद असतो. असते ती पालांची माहिती. तो कुठे जाणार? मी या हवालदारांना वर्षानुवर्षं ओळखते आणि त्यातले बहुतेक दुष्ट नाहीत. पण बैठकीला जाताना हातात काहीतरी लागतं, आणि पालावरून आणलेल्या पोरासाठी कुणी सरपंच किंवा नगरसेवक फोन करत नाही.

मूळ घरफोडीत पुरावा मिळाला नाही तर एक ठरलेली वाट आहे. तुम्हीही बातमी वाचली असेल: ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३९९ आणि ४०२ होतं, तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१० च्या पोटकलम ४ आणि ५ मध्ये आलं. या गुन्ह्याला फिर्यादी लागत नाही, चोरीचा माल लागत नाही, कुणाचं नुकसान झालेलं असावं लागत नाही. फिर्याद पोलिसाची, साक्षीदार पोलीस, पंच, म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार, पोलिसांनी आणलेला. दरोड्याला किमान पाच माणसं लागतात, म्हणून पकडलेले तीन असोत की चार, बाकीचे ‘अंधाराचा फायदा घेऊन पसार’ झालेले असतात. माझ्या कपाटातल्या अशा दोषारोपपत्रांत हे वाक्य शब्दही न बदलता येतं.

एक खटला सांगते. चार पारधी तरुण, सगळ्यात मोठा सव्वीस वर्षांचा. जप्ती पंचनाम्यात एक कटावणी, एक सुती दोर, एक कोयता, एक बॅटरी आणि कागदाच्या पुडीत मिरची पूड. नऊ महिन्यांपूर्वीचा दुसरा खटला माझ्याकडेच होता. आरोपी वेगळे, जागा वेगळी, पंचनाम्यातल्या वस्तू त्याच आणि क्रमही तोच. पंच टेम्पो चालवणारा माणूस होता. मी उलटतपासात त्याला फार काही विचारलं नाही. दोर किती लांब होता, कोयत्याची मूठ लाकडी की प्लास्टिकची, कुठल्या बाजूनं शेतात उतरलात. त्याला एकाचंही उत्तर देता येईना. न्यायाधीशांनीच शेवटी विचारलं, “तुम्ही जागेवर गेला होता का?” तो म्हणाला, “साहेब, मी ठाण्यात सही केली आणि भाड्याला गेलो.” याआधी किती वेळा पंच झालात, यावर त्यानं बोटं मोजली आणि अकरा म्हणाला. चौघं निर्दोष सुटले. तोपर्यंत त्यांची एक वर्ष सात महिने कोठडी झाली होती, आणि मोठ्याची बायको ऊसतोडीच्या टोळीबरोबर मुलांना घेऊन कर्नाटकात निघून गेली होती.

माणूस एकदा आत आला की दुसरी गोष्ट सुरू होते. पोलिसांच्या भाषेत ‘वर्ग करणे’. एका ठाण्याची कोठडी संपली की शेजारचं ठाणं प्रॉडक्शन वॉरंट, म्हणजे कोठडीतला आरोपी हजर करण्याचा कोर्टाचा हुकूम, घेऊन येतं आणि आपल्याकडच्या जुन्या, न उलगडलेल्या चोरीत त्याला ताब्यात घेतं. मग तिसरं ठाणं. महिन्याभरात बातमी येते: ‘आठ घरफोड्या उघडकीस’. आठपैकी कितींत माल सापडला, कितींत ओळख परेड झाली, हे पुढे कुणी विचारत नाही. पण आठ वेगवेगळे गुन्हे म्हणजे आठ वेगवेगळे जामीन अर्ज. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, कलम ४७९ आहे. याआधी कधीच दोषी न ठरलेल्या माणसानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला सोडावं, असं त्यात म्हटलंय. तरतूद चांगली आहे. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय, की एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. म्हणजे ज्याला आठ ठिकाणी वर्ग केला, त्याच्यासाठी कलम बंद. कलमात कुणाच्याही जमातीचं नाव नाही, आणि तरी ते कुणाला लागू पडणार नाही हे मी डोळे मिटून सांगू शकते.

समजा जामीन झाला. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. कोर्टाच्या दृष्टीनं सक्षम म्हणजे ज्याच्याकडे सातबारा आहे, घरपट्टीची पावती आहे. पारध्याच्या नात्यागोत्यात सातबारा कुणाकडे? पाल गायरानात, तेही आज इथं, उद्या तिथं. गावातला शेतकरी जामीन राहत नाही, कारण गाव त्याला विचारेल. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार असतात, पण आठ गुन्ह्यांचे आठ जामीनदार आणायला चांदीचे वाळेसुद्धा उरत नाहीत. तेही बहुतेक वेळा आधीच जप्त झालेले असतात. पावती नाही म्हणून चोरीचे, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२४ आहेच: ज्या मालाचा समाधानकारक खुलासा देता येत नाही तो बाळगणं हाच गुन्हा. आजीनं दिलेल्या वाळ्यांची पावती तुमच्या घरात तरी आहे का?

सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच, मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या प्रकरणात, गरिबाला झेपणार नाही असा जामीन म्हणजे जामीन नाकारणंच, या अर्थाचं ठणकावून सांगितलं होतं. तिथं खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि तोही दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून चालवून घेतला नाही. त्याला जवळजवळ पन्नास वर्षं होत आली. माझा एक अशील आदेश झाल्यावर चार महिने आतच होता, केवळ जामीनदार नाही म्हणून.

आणि इथं ती ‘शिक्षा’ तयार होते. पाच-सहा महिने आत काढलेला, जामीनदार नसलेला माणूस एके दिवशी मला म्हणतो, “ताई, कबूल करून टाकू का?” किरकोळ चोरीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला की कोर्ट अनेकदा भोगलेला काळ हीच शिक्षा धरतं आणि तो संध्याकाळी घरी जातो. निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं तर अजून वर्षभर आत. बाहेर बायको बाळंतीण आहे. तुम्ही काय कराल? मी त्याला परिणाम समजावून सांगते, पुढच्या वेळी हीच शिक्षा तुझ्याविरुद्ध वापरतील हे सांगते. तो मान हलवतो आणि कबूल करतो. अशा तीन कबुल्या झाल्या की कायद्याच्या व्याख्येतला सराईत तयार. सातबारा नाही म्हणून जामीनदार नाही, जामीनदार नाही म्हणून कबुली, कबुली म्हणून शिक्षा, शिक्षा म्हणून हिस्ट्रीशीट, म्हणजे ठाण्यातली त्याच्यावर नजर ठेवायची नोंद, आणि पुढच्या चोरीला पोलीस पहिल्यांदा त्याच्याच पालावर. तुमच्या वडिलांनी पाहिलेलं रेकॉर्ड खरं आहे. ते कशानं भरलं जातं, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

आता अवघड भाग. हो, माझ्या काही अशिलांनी चोऱ्या केल्या आहेत. काहींनी त्याहून वाईट केलं आहे आणि त्यांना झालेली शिक्षा योग्य होती. फास लावून तितर-लावे पकडणं हा फासेपारध्यांचा पोटाचा धंदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गेला आणि बदल्यात जमीन किंवा काम फारच थोड्यांच्या हाती लागलं. भुकेनं माणसं कुठे जातात हे मी नाकारत नाही. ज्याच्या घरात दरोडा पडला त्या म्हातारीचं दुःखही नाकारत नाही. अशा फिर्यादींनाही मी कोर्टात पाहिलंय. पण शेजारच्या गावातल्या पाटलाच्या पोरानं मोटरसायकली चोरल्या तर आपण त्या पोराला चोर म्हणतो. पारध्यानं चोरली की ‘पारधी टोळी’. फरक एवढाच आहे, आणि तेवढ्यानं अख्खी वस्ती आरोपी होते.

तुम्हाला वाटेल मी खालच्या कोर्टातल्या किरकोळ गोष्टी सांगतेय. तर मोठं प्रकरण घ्या. जून २००३, नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर आरोपी झाले. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयानं पुनर्विचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय होतं? त्या हल्ल्यातून वाचलेल्या महिलेनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयानं प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा विचार करायला सांगितलं. आरोपी भटक्या जमातीतले, अगदी गरीब मजूर आहेत आणि अशा माणसांना गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं निकालपत्रातच आहे. हे वाचवेना म्हणून मी दोन बैठकांत वाचलं. ती ओळख पहिल्या दिवसापासून कागदावर होती. तीन कोर्टांतून गेली आणि कुणाच्या डोळ्याला टोचली नाही. मला वाटतं, समोर उभी असलेली माणसं ‘तशीच’ दिसत होती, म्हणून कागद नीट पाहायची गरज कुणाला वाटली नाही.

अमेरिकेशी तुम्ही तुलना केलीत, त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा फरक सांगते. तिथं अडवलेल्या, पकडलेल्या, शिक्षा झालेल्या माणसाचा वर्ण बऱ्याच ठिकाणी नोंदला जातो. त्यामुळे १९८६ च्या कायद्यानं क्रॅक (ओढायचं स्वस्त कोकेन) आणि पावडर कोकेनच्या शिक्षेत वजनाला शंभरास एक असा फरक केला, तेव्हा त्याची झळ कृष्णवर्णीयांना जास्त बसली हे दाखवता आलं, आणि २०१० मध्ये तो अठरास एकवर आणावा लागला. आकड्यांनी सगळं सुटत नाही. १९८७ मध्ये जॉर्जियातल्या फाशीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी, फाशीवर वर्णाचा परिणाम होतो असं दाखवणारा आकड्यांचा अभ्यास समोर असूनही, आरोपीची दाद फेटाळली. पण वाद घालायला निदान आकडा असतो. आपल्या राष्ट्रीय तुरुंग आकडेवारीत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास असे रकाने त्यात आहेत. विमुक्त आणि भटक्यांचा रकाना नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत, पालपारधी आणि राजपारधी विमुक्तांत. म्हणजे एकाच वस्तीतले दोन पोरगे एकाच गुन्ह्यात आत गेले तर एक आकडेवारीत एका रकान्यात जातो, दुसरा कुठेच स्वतंत्र दिसत नाही. याची झळ उलट बाजूनंही बसते: गावानं पालं जाळली तर फासेपारध्याला ॲट्रॉसिटीचा कायदा लागतो, पालपारध्याला लागत नाही. आणि दाखला? विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. ज्याचा आजा पालात जन्मला आणि पालात मेला त्यानं तो कुठून आणायचा?

काहीच बदललं नाही असं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये दोन निकाल आले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या एका हिस्ट्रीशीटच्या प्रकरणात सांगितलं, की मागास समाजातले म्हणून यांत्रिकपणे लोकांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये घालू नका, आणि सर्व राज्यांना आपापले नियम तपासायला सांगितलं. ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगातली जातीवरून कामाची वाटणी घटनाबाह्य ठरली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं गेलं, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये अशी ताकीद पोलिसांना मिळाली. त्या निकालाची प्रत मी रिमांडच्या फाईलमध्ये ठेवते. वाचून दाखवली की न्यायाधीश ऐकतात. दर वेळी कोठडी नाकारत नाहीत, पण पाच दिवसांच्या जागी दोन दिवस देतात. माझ्या अशिलासाठी ते तीन दिवस फार मोठे असतात.

तुम्ही शेवटी विचारलंय, विद्यार्थी म्हणून काय करता येईल. सुट्टीच्या दिवशीच्या रिमांड कोर्टात येऊन बसा. अटक बहुतेकदा शुक्रवारी संध्याकाळी दाखवली जाते, कारण शनिवार-रविवारी वकील सापडत नाही. आरोपीला खरंच कधी उचललं ते त्याच्या बायकोला विचारा. कागदावरची अटक आणि पालावरून उचलल्याची वेळ यांत माझ्या अनुभवात एक ते चार दिवसांचा फरक असतो आणि अटकेनंतर कोर्टापुढे उभं करण्यासाठी राज्यघटनेनं घालून दिलेले चोवीस तास तिथंच मोडलेले असतात. त्याच दिवशी ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज द्या. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण साठवायला सांगितलंय. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेऐवजी नोटीस का दिली नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली लेखी मागा. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार तुरुंगानं त्यांना कळवायचंच असतं, पण कळवलं का ते बघायला माणूस लागतो. महिना उलटला तर जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज करा. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, जामिनासाठी पैशाची मदत मिळते. ती कुठल्या कारणानं अडते ते प्रकरणागणिक वेगळं असतं, म्हणून पाठपुरावा करणारं कुणीतरी हवं.

टेम्पोवाल्या पंचाच्या खटल्यातला तो मोठा मुलगा आता पस्तिशीचा आहे. निर्दोष सुटल्याच्या निकालाची नक्कल त्यानं प्लास्टिकमध्ये घालून घेतली आहे आणि रात्री बाहेर पडताना ती शर्टाच्या खिशात असते. रात्रगस्तीनं अडवलं की तो ती दाखवतो. हिस्ट्रीशीटमधून नाव काढण्याचा त्याचा अर्ज आम्ही गेल्या दिवाळीच्या आधी दिला. परवा विचारायला गेले होते, साहेब बदलून गेलेत, नवीन साहेबांपुढे पुन्हा ठेवा म्हणाले. सोमवारी ठेवतेय. तुम्हाला यायचं असेल तर साडेदहाला कोर्टाच्या आवारात भेटा.